अडतीस ग्रॅमचा पापुद्रा

रोझी रणनवरेबद्दल मी हे दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एकही आकडा चुकू दिला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. त्या लिहिण्याचं पुढे काय झालं, ते सांगायला हे दुसरं.

रोझी श्रीरामपूरची. आम्ही दोघं एकाच युनिटमध्ये होतो. प्लास्टिकची फिल्म काढायचं युनिट. मी मशीनवर, एकतीस वर्षं. ती पॅकिंगला, बावीस वर्षं. वितळलेल्या प्लास्टिकचा फुगा वर चढतो, थंड होतो, चपटा होतो आणि रोलावर गुंडाळला जातो. तो रोल पुढे आला की रोझी चिमटीत फिल्म चोळायची आणि ओरडायची, "जोएलभाऊ, आज जाड चाललीय!" मी मायक्रोमीटर लावायचो. ती बरोबर असायची. बावीस वर्षांत दोनदा चुकली. दोन्ही वेळा तिच्या अंगात ताप होता.

थैल्यांवर बंदी आली आणि युनिट बंद पडलं. माझं वय झालंच होतं. ती शेहेचाळीसची होती. तिनं बाजार समितीतल्या हमालांना डबे द्यायला सुरुवात केली. पहाटे उठून साठ भाकऱ्या. नवरा रॉबिन टेम्पो चालवतो, तो जाता जाता डबे पोचवायचा. युनिटमधले काही उरलेले रोल तिच्याकडे होते. त्यात ती भाकरी गुंडाळायची. गरम भाकरी प्लास्टिकमध्ये बांधली की तिला घाम सुटतो. दुपारी डबा उघडेपर्यंत भाकरीचा पापुद्रा ओला होऊन सुटलेला असायचा.

एक हमाल रॉबिनला म्हणाला, "वहिनीला म्हनावं, भाकरी पाठव, पोतेरं नगं."

रॉबिननं हसत हसत घरी येऊन सांगितलं. रोझी हसली नाही. बावीस वर्षं जी वस्तू तिनं मोजून, बांधून, शिक्का मारून पाठवली, त्याच वस्तूनं तिची भाकरी नासवली होती.

घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. वाळली की घोंगडी ताठ होते. हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. तिच्या मनात आलं, ही खळ घोंगडीवर न देता नुसती काचेवर ओतून वाळवली, तर फिल्मसारखा ताव सुटून येईल का?

बोलायला हे एका वाक्यात झालं. करायला चौदा महिने लागले. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, आतली डाळ दळायची. गिरणीवाल्यानं दळून द्यायला नकार दिला, गिरणीचे दगड खराब होतात म्हणाला. मग तिनं लोखंडी खलात कुटलं. एक किलो कुटायला दोन दिवस. ते मलमलमधून चाळायचं. मग लिटरभर पाण्यात मंद आचेवर शिजवायचं आणि चाळीस मिनिटं हात थांबवायचा नाही. थांबला की गाठ. गाठ आली की सगळं ओतून द्यायचं. ताव लवावा म्हणून औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन. वाळल्यावर वरून मधमाशीच्या मेणाचा हात.

माझं काम एवढंच की काच पातळीत बसवून देणं. काच कलती असेल तर ताव एका कडेला जाड आणि दुसरीकडे पातळ होतो. एका काचेला मला दीड तास लागायचा. अशा सहा काचा मी तिच्या पडवीत बसवल्या आणि रोज सकाळी पाणपातळी लावून तपासत होतो, कारण काचेखालचं लाकूड फुगतं.

रॉबिन म्हणायचा, "एवढ्या दिसांत म्या टेम्पोभर केळीची पानं आनून टाकली असती."

"आन की," रोझी म्हणायची. "पर आधी तुजा टेम्पो धक्क्याबिगर चालू कर."

एकशे चौदावा ताव काचेवरून अखंड निघाला. तिनं त्यात भाकरी गुंडाळली. दुपारी उघडली. भाकरी मऊ, पापुद्रा कोरडा. दुसरा ताव तिनं कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. चाळीस दिवसांनी उकरलं तर माती तेवढी होती. तिनं त्या तावाचं नाव ठेवलं पापुद्रा.

आमच्या चर्चच्या मंडळीत नोव्हेंबरात हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पहिलं येईल ते तो चर्चमध्ये वेदीपुढे आणून ठेवतो. बाजरी, भुईमूग, भोपळा, कोंबडी. ज्याला शेत नाही तो हातानं केलेली पहिली वस्तू आणतो. ते प्रथमफळ. चर्चचे पाळक प्रार्थना करतात, मग आवारात लिलाव होतो आणि पैसे मंडळीत जमा होतात. दोन हजार एकवीसच्या सणाला रोझीनं बारा पापुद्रे ठेवले, भोपळ्याच्या शेजारी. ठेवताना ती जे पुटपुटली ते मला ऐकू आलं. "हे आता माजं न्हाई."

त्या वर्षी मंडळीला सव्वाशे वर्षं झाली. स्मरणिका निघणार होती. पाळक म्हणाले, "जोएलभाऊ, कष्टकरी माणसावर एक लेख द्या." मी रोझीवर लिहिला. मला गुण गाता येत नाहीत. काम लिहिता येतं. मी पीठ किती, पाणी किती, ग्लिसरीन किती, आच कशी, किती वेळ ढवळायचं, काच कशी लावायची, मेण कधी पुसायचं, सगळं लिहिलं. नुसतं 'मेहनत घेतली' असं लिहिणं मला खोटं वाटतं. किती घेतली ते सांगा. स्मरणिकेच्या चारशे प्रती छापल्या. मंडळीच्या वेबसाइटवरही कुणीतरी ती चढवली.

पुढल्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका पॅकिंग कंपनीचा माणूस बाजार समितीत आला होता. हमालाच्या डब्यातला पापुद्रा त्याच्या हाती लागला. तो रोझीच्या घरी आला, दोन कप चहा प्यायला आणि सरळ बोलला. पेटंट असेल तर कंपनी रोझीशी करार करील. श्रीरामपुरात शेड उभी राहील, बारा बायका कामाला, रोझी त्यांच्यावर. पेटंट नसेल तर कराराची गरजच काय? त्यानं हे हसून सांगितलं. धमकी नव्हती. हिशेब होता.

म्हणून मार्चमध्ये आम्ही नगरला सावेडीत पूजा शेळके यांच्याकडे गेलो. पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या मॅडम. वय तिशीचं, बोलणं नीट.

"मावशी, हे आधी कुठे प्रसिद्ध केलंय का?" त्यांनी विचारलं.

"म्हंजी पेपरात? न्हाई."

"एखाद्या प्रदर्शनात मांडलंय?"

"न्हाई."

"नुसता हा ताव विकलाय कुणाला?"

"येकबी न्हाई."

तिन्ही उत्तरं तिनं मनापासून दिली. हमालांना ती डबा विकत होती, ताव नव्हे. वेदीपुढे ठेवणं म्हणजे प्रदर्शन नव्हे. लिलाव मंडळीनं केला होता, तिनं नव्हे. आणि स्मरणिका म्हणजे काही पेपर नव्हे, ती आपल्याच माणसांची. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मीही मान हलवली.

मॅडमनी अर्जावर लिहिलं, जैवविघटनशील वनस्पतिजन्य खाद्यवेष्टन.

"ह्ये कुनाचं नाव?" रोझीनं विचारलं.

"तुमच्या पापुद्र्याचं."

"त्ये नाव घ्येस्तवर भाकरी गार व्हईल."

मग मॅडमनी पीठ लिटरला तीस ते पन्नास ग्रॅम असं लिहिलं. रोझी खुर्चीत पुढे सरकली. "तीसला फाटतंय. पन्नासला काचेगत तडकतंय. असं कसं लिवता?"

"कुंपण जरा लांबून घालायचं असतं, मावशी. म्हणजे कुणाला कडेनं शिरता येत नाही."

रोझीला ते पटलं नाही, पण तिनं सही केली.

दोन वर्षं काही आलं नाही. मग दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये, सकाळी, मी काच तपासत होतो आणि रोझी भाकऱ्या थापत होती, तेव्हा मॅडमचा फोन आला. रोझीचे हात पिठाचे होते म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"मावशी, मुंबईच्या पेटंट ऑफिसचा तपासणी अहवाल आलाय. परीक्षक म्हणतात, हे नवीन नाही. तुमच्या अर्जाच्या चार महिने आधीच हे छापून आलंय. सगळं. पीठ, पाणी, ग्लिसरीन, काच. ग्रॅमसकट."

रोझी खाली बसली. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. धूर निघाला तरी ती उठली नाही. मीच चिमट्यानं भाकरी उतरवली. तिच्या हातची करपलेली भाकरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"कुनी छापलं?" तिनं विचारलं.

"ते कागद परवा डाऊनलोड करून मिळतील. बाहेर आहे मी," मॅडम म्हणाल्या.

ते दोन दिवस वाईट गेले. रॉबिननं आधी गिरणीवाल्याचं नाव घेतलं, मग कंपनीच्या माणसाचं. मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "ग्रॅम दोघांनाच ठाऊक. येक ही. आन् येक..."

रोझीनं मात्र सरळ विचारलं. "भाऊ, तुमी कुनाला सांगितलं हुतं का?"

"देवाशपथ, कुणालाच नाही," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो. अडीच वर्षांपूर्वीची स्मरणिका तेव्हा डोक्यातही आली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं नगरला गेलो. मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. पुरावा क्रमांक एक. वर आमच्या चर्चचं शिखर. खाली रोझीचा फोटो, काच हातात धरलेली. त्याखाली ठळक अक्षरात नाव. जोएल अमोलिक.

मी ते नाव दोनदा वाचलं. दुसऱ्याच कुणाचं असावं तसं वाचलं. कानात युनिटमधल्या मशीनसारखा आवाज सुरू झाला. मॅडम काहीतरी बोलत होत्या, ते उशिरा कळू लागलं. परीक्षकानं मराठीत 'चिंचोका' हा शब्द टाकून शोध घेतला होता. मंडळीतल्या निम्म्या लोकांनी त्या स्मरणिकेत आपापला फोटो तेवढा पाहिला. माझा लेख शेवटपर्यंत वाचणारा माणूस मुंबईत निघाला.

"परीक्षकांनी लिहिलंय," मॅडम वाचू लागल्या, "वर्णन इतकं पूर्ण आहे की या कामातल्या जाणत्या माणसाला केवळ ते वाचून ही वस्तू बनवता येईल."

एकतीस वर्षांत युनिटमध्ये मला इतकी शाबासकी कुणी दिली नव्हती.

"पर त्येच्यात अडतीस हाय," रोझी म्हणाली. "आपल्या अर्जात तीस ते पन्नास."

"तीस आणि पन्नासच्या मध्ये अडतीस येतात, मावशी. कुंपणाच्या आतलं एक जरी आधीच उघड झालेलं असेल तरी कुंपण पडतं."

"मग वेदीफुडं ठिवलेलं? सनाला? त्येबी धरत्यात का?"

"सरकारनं जाहीर केलेलं प्रदर्शन असतं तर वर्षभराची सवलत होती. चर्चचा सण त्यात येत नाही." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "एक वाट आहे. तुमची माहिती घेऊन दुसऱ्या कुणी तुमच्या संमतीशिवाय छापली असेल, तर कायदा ते तुमच्याविरुद्ध धरत नाही. तुम्ही शपथपत्र करायचं, की अमोलिक काकांनी मला न विचारता छापलं. काकांनीही तसं लिहून द्यायचं."

"देतो," मी लगेच म्हणालो. "आत्ता देतो. मी चोर म्हणून लिहा."

मला खरंच वाटत होतं की मी तिला विचारलं नव्हतं. पाळकांनी लेख मागितला, मी लिहिला, छापला. तिला विचारल्याचं काहीच आठवत नव्हतं.

रॉबिनच्या अंगात तेवढ्यात जीव आला. "भाऊ, करा सही. तुरुंगात तुमाला डबा म्या पोचवीन. पापुद्र्यात गुंडाळून."

रोझी परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. हातात घड्या पडलेला कागद होता. माझ्या अक्षरातला. लेखाचा कच्चा खर्डा.

"हे कुनाचं अक्षर?"

"माझं."

"आन् हे?"

मी 'पीठ चाळीस ग्रॅम' असं लिहिलं होतं. चाळीस खोडलेलं. वर निळ्या शाईत 'अडतीस'. तिचं अक्षर, ड ला मोठी शेपटी. बाजूला तिनं लिहिलं होतं, 'भाऊ, खालच्या कागदाचे दोन ग्रॅम वजा केले न्हाईत.'

तेव्हा सगळं आठवलं. मी स्वतः तिचं पीठ वजन करून पाहिलं होतं. काट्यावर कागद ठेवला, त्यावर पीठ. कागदाचं वजन वजा करायचं राहिलं. मी खर्डा तिच्याकडे पाठवला होता. तिनं वाचून, दुरुस्त करून परत दिला होता. मी लेख उतरवून घेऊन छापायला दिला आणि खर्डा तिच्याकडे राहिला. मशीनवर एकतीस वर्षं आकड्यांत काढली, आणि तिनं माझी चूक धरली हेच मी विसरून गेलो होतो. कदाचित तेवढ्यासाठीच विसरलो असेन.

"हा कागद जाळून टाक," मी म्हणालो. "कुणाला माहीत आहे?"

"मला हाय की."

"रोझी, बारा बायकांची शेड आहे."

"व्हय. आन् माज्या बी रोजच्या साठ भाकऱ्या सुटत्यात." ती उंबऱ्यावर बसली. "भाऊ, म्या वाचलं. बरुबर केलं. मंग छापलं. आता शपथ घिऊन म्हनू, मला ठावं नव्हतं? आन् वेदीफुडं ठिवताना काय बोलल्ये त्ये? त्ये परत कसं घिऊ?"

मी पुष्कळ बोललो. तिनं ऐकून घेतलं. कागदाची घडी केली आणि निघाली. रॉबिन तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. डबे मात्र पोचवत राहिला.

शपथपत्र झालं नाही. मॅडमनी दुसरे मुद्दे लिहून उत्तर दिलं. जानेवारीत सुनावणी लागली. मुंबईला जावं लागलं नाही, सावेडीतच कॉम्प्युटरवर. पडद्यावर एक अधिकारी, चष्मा, मागे फायलींचं कपाट. मॅडम वीस मिनिटं बोलल्या. चर्चची स्मरणिका म्हणजे खाजगी वाटप, असं त्यांनी मांडलं. अधिकाऱ्यांनी वेबसाइटचा पत्ता वाचून दाखवला.

मग अधिकारी मराठीत म्हणाले, "अर्जदार बाई हजर आहेत का? हा लेख तुमच्या संमतीनं छापला होता?"

मॅडमनी रोझीच्या हातावर हात ठेवला. आमच्याकडचा आवाज बंद करून त्या हलकेच म्हणाल्या, "मावशी, आठवत नाही म्हणा. एवढंच."

रोझीनं विचारलं, "आता बोललं तर त्येंना ऐकू येतं का?" मॅडमनी आवाज चालू केला. दुसरं काय करणार?

"व्हय साहेब," रोझी म्हणाली. "म्या वाचून दिल्ता. त्यातला अडतीस माज्या हातचा हाय. भाऊंनी चाळीस लिवलं हुतं."

मॅडमनी डोळे मिटले. तिनं सांगितलेलं सगळं मला माहीत होतं, ती सांगणार हेही माहीत होतं. तरी ऐकताना कुणी काचेवर हातोडी घातल्यासारखं झालं.

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. मग म्हणाले, "चाळीस घातले तर काय होतं?"

"घडीवर तडकतंय, साहेब. लगेच न्हाई. दोन रोजांनी."

त्यांनी ते लिहून घेतलं.

मार्चमध्ये आदेश आला. अर्ज नामंजूर. सात पानं. पाचव्या पानावर माझं नाव, रोझीचं नाव आणि अडतीस ग्रॅम. आकडा बरोबर छापला होता. कंपनीच्या माणसाचा फोन आला नाही. रोझीनं एकदा लावून पाहिला, त्यानं उचलला नाही. ज्या बायकांना तिनं शेडचं सांगून ठेवलं होतं, त्यांच्यापैकी लंकाबाई तेवढी विचारायला आली. रोझीनं तिला चहा दिला आणि खरं काय ते सांगितलं. लंकाबाई उठताना माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, आता माज्यावर काय लिवू नका."

मला वाटलं होतं हे इथं संपलं.

गेल्या नोव्हेंबरात, सणाच्या आदल्या दिवशी, रॉबिन बाजारातून एक खोका घेऊन आला. त्यानं तो पडवीत ठेवला. वर हिरवं पान, भाकरीचं चित्र आणि मोठ्या अक्षरात, 'चिंचोक्यापासून बनवलेलं नैसर्गिक आवरण.' खाली पुण्याचा पत्ता. श्रीरामपूरच्या दुकानात, थरावर थर लावून ठेवलेले, असं रॉबिन म्हणाला. हे होणार ते त्या माणसानं चार वर्षांपूर्वी चहा पिताना सांगितलं होतं. तरी खोक्यावरचा पत्ता मी दोनदा वाचला.

रोझीनं हात पुसले. खोका फोडला, एक ताव काढला. उजेडाला धरला. चिमटीत चोळला, युनिटमध्ये चोळायची तसा. मग चार घड्या घातल्या, उलगडला आणि मला दाखवला. घडीच्या रेषेवर केसासारखी पांढरी चीर गेली होती.

"चाळीस घातलेत," ती म्हणाली.

मी मायक्रोमीटर आणायला उठलो. तिनं हातानंच बस म्हटलं.

"आदेशात अडतीस आहे," मी म्हणालो. "लेखात अडतीस आहे. सगळं फुकट उघडं पडलंय, तरी यांनी चाळीस घातले? गोल आकडा म्हणून?"

"दिसतंय तसं."

"कळवू का त्यांना? एक पत्र टाकतो."

रोझीनं ताव खोक्यात ठेवला. खोका बाजूला सारला आणि खलापाशी बसली. उद्याच्या सणाला बारा पापुद्रे ठेवायचे होते, त्यातले शेवटचे सहा राहिले होते.

"कशाला?" ती म्हणाली. "छापलंय की. वाचा म्हनावं."